आइसलँडिक म्हणी व लोकोक्ती

आइसलँडच्या मौखिक व लिखित परंपरेतील सूत्रवजा वचने. त्यांचा सर्वांत महत्त्वाचा जुना साठा ‘हावामाल’ या काव्यात आहे (पहा : एड्डा). सुमारे १६४ कडव्यांचे हे काव्य ओडिन देवाच्या तोंडी घातलेले असले, तरी पूर्वार्धातील उपदेश घरगुती आहे : परक्या घरात शिरताना सावध असावे, बेताने प्यावे, पाहुणचार लांबवू नये. ते ज्या चर्मपोथीमुळे टिकले ती १२७० च्या सुमाराची असून तिच्या मूळच्या ५३ पत्रांपैकी ४५ उरली आहेत. १६४३ मध्ये ती बिशप ब्रिन्योल्फुर स्वेन्सन यांच्या हाती आली, १६६२ मध्ये डेन्मार्कच्या राजाकडे गेली आणि २१ एप्रिल १९७१ रोजी डॅनिश नौदलाच्या जहाजातून रेकयाविकला परतली. काही कडवी ख्रिस्तीकरणापूर्वीची मानली जातात. मात्र याबाबत एकमत नाही.

तेराव्या शतकातील ‘माल्सहाउत्ताक्वैदी’ ही म्हणींचीच कविता असून तिला विफल प्रेमाची चौकट आहे. ती ऑर्कनीचे बिशप ब्यार्नी कोल्बेन्सन यांची असल्याचे अनेकदा सांगितले जाते.

म्हणींचे खरे सामर्थ्य सागांत (जुन्या गद्यकथांत) दिसते. तेथे पात्रे मोजके बोलतात आणि निर्णायक क्षणी म्हणीचा आधार घेतात. ज्याला भाऊ नाही त्याची पाठ उघडी, हे वचन ‘न्याल सागा’ व ‘ग्रेटिर सागा’ या दोन्हींत येते. दुसरीत ड्रांगे बेटावरील अखेरच्या हल्ल्यात पाठीत घाव बसल्यावर ग्रेटिर ते उच्चारतो आणि धाकटा भाऊ इल्लुगी त्याच्यावर ढाल धरतो. ‘न्याल सागे’तील देश कायद्याने वसवावा हे सूत्र आज आइसलँडच्या पोलिसांचे ब्रीद आहे, परंतु ते डेन्मार्कच्या १२४१ च्या यूटलंड कायद्यातही आढळत असल्याने त्याला निखळ आइसलँडिक म्हणणे धाडसाचे ठरेल.

लोकव्यवहारातील म्हणींत समुद्र व पुस्तक ठळक आहेत. वाईट वल्हेकरी दोष वल्ह्याला देतो (‘नाचता येईना अंगण वाकडे’ याचा हा दर्यावर्दी भाऊबंद). लाट सहसा एकटी येत नाही. पुस्तकाविना माणूस आंधळा. अनवाणी राहणे परवडले, पुस्तकाविना नको. मार खाल्ल्याशिवाय कोणी बिशप होत नाही, ही म्हण अजूनही रूढ आहे. पहाटेची वेळ सोने देते, ही म्हण जर्मन वळणाची आहे.

हवामान : २ फेब्रुवारीला ऊन पडले तर पुढे आणखी हिमवर्षाव होतो, आणि एप्रिलमधील ‘उन्हाळ्याच्या पहिल्या दिवसा’च्या आदल्या रात्री पाणी गोठले तर उन्हाळा चांगला जातो, असा समज.

संग्रह : गुदमुंदुर योन्सन (कोपनहेगन, १८३०), फिन्नुर योन्सन (१९२०), ब्यार्नी विल्ह्यालम्सन व ओस्कार हाल्डोर्सन (१९६६). हे संपादक मुख्यतः ग्रंथांतून वेचणारे असल्याने जुन्या साहित्यातील वचनांना झुकते माप मिळाले.

सद्यःस्थिती : ईस्टरच्या चॉकलेटच्या अंड्यांत म्हणीची चिठ्ठी घालण्याची प्रथा आहे.