वासाचे नाव

आजाराला वास असतो, हे जुन्या वैद्यांना ठाऊक होते. पण तो वास नेमका कशाचा, हे सांगता येत नव्हते. १९६६ साली अमेरिकेतील बोस्टन येथे ते एकदा सांगता आले. दोन भावंडांना अधूनमधून ग्लानी येई आणि अंगाला घामेजलेल्या पायांसारखा वास येई. के तनाका आणि सहकाऱ्यांनी त्यांच्या रक्ताचा शोध घेतला.

गॅस क्रोमॅटोग्राफीत नमुन्याची वाफ लांब नळीतून जाते आणि प्रत्येक पदार्थ आपापल्या वेळी बाहेर पडतो. मास स्पेक्ट्रोमीटर त्याचे विद्युतभारित तुकडे करून त्यांचे वस्तुमान ताडतो. उत्तर आले : आयसोव्हॅलेरिक आम्ल. डाळी-दुधातील प्रथिनांत ल्यूसिन असते. त्याच्या विघटनाच्या साखळीतील एक कडी या मुलांत जन्मतःच निकामी होती.

१९६७ मध्ये लघवीत हेच आम्ल ग्लायसिनशी जोडलेले सापडले. म्हणजे विष बाहेर टाकण्याची वाट शरीराने आधीच काढली होती. पुढे ग्लायसिन हेच औषध ठरले, जोडीला ल्यूसिनचे पथ्य.

१९७१ साली लायनस पॉलिंग यांनी याच क्रोमॅटोग्राफीने उच्छ्वासात सुमारे २५० पदार्थ मोजले. आज मेटाबोलोमिक्स ही स्वतंत्र विद्याशाखा आहे. तिचा इतिहास लिहिताना मात्र आरंभी ती दोन भावंडे असावीत, असे मला वाटते.