जाणून घ्यायचं की नाही? हंटिंग्टनच्या टेस्टची गोष्ट

आजचा भाग अशा एका टेस्टच्या इतिहासावर आहे, जिच्यासाठी एका कुटुंबाने जिवाचं रान केलं, आणि ती हातात आल्यावर बहुतेक लोकांनी ती करून घेतलीच नाही.

साल १९६८, लॉस एंजेलिस. लिओनोर वेक्सलर सकाळी कोर्टात ज्युरीच्या कामाला निघाल्या होत्या. चालताना तोल जात होता. एका पोलिसाने हटकलं, सकाळी सकाळी दारू पिऊन फिरता, लाज नाही वाटत? त्या प्यायलेल्या नव्हत्या. तपासण्यांत निघाला हंटिंग्टनचा आजार. त्यांच्या वडिलांना आणि तिन्ही भावांना तोच होता.

या आजारात मेंदूतल्या पेशी हळूहळू मरतात. हातपाय आपोआप हलतात, स्वभाव बदलतो, स्मृती जाते. बरं करणारं औषध आजही नाही. आई किंवा वडिलांना असेल, तर प्रत्येक मुलाला होण्याची शक्यता ५० टक्के. प्रत्येक मुलासाठी नाणं नव्याने उडतं. आणि खरी मेख पुढे आहे: लक्षणं बहुधा तिशी ते पन्नाशीत दिसतात, म्हणजे तोवर अनेकांना मुलं झालेली असतात.

वडील मिल्टन यांनी अ‍ॅलिस आणि नॅन्सी या मुलींना सगळं सांगितलं. दोघी विशीत. टेस्ट नव्हतीच, त्यामुळे हाताशी फक्त ते ५० टक्के. दोघींनी ठरवलं, मूल नको.

मिल्टननी संशोधनासाठी संस्था काढली. नॅन्सी १९७९ पासून व्हेनेझुएलातल्या माराकाइबो सरोवराकाठच्या गावांत जायला लागली. तिथल्या मोठमोठ्या कुटुंबांत हा आजार पिढ्यान्‌पिढ्या होता. तिच्या टीमने वंशावळी लिहिल्या, रक्ताचे नमुने जमवले. त्यांच्या मदतीने जेम्स गुसेला यांच्या गटाने १९८३ मध्ये चौथ्या गुणसूत्रावर या आजाराची खूण शोधली. १९९३ मध्ये जनुकच सापडलं. त्यात सी-ए-जी ही तीन अक्षरं पुन्हा पुन्हा येतात. आमच्या भाषेत सांगायचं तर लूप जास्त वेळा फिरलेला. २६ वेळांपर्यंत ठीक, ४० किंवा जास्त असेल तर आयुष्यात कधीतरी आजार होणार हे जवळपास नक्की.

टेस्ट येण्याआधी विचारलं तेव्हा धोका असलेल्यांपैकी निम्म्याहून जास्त लोक ‘करू’ म्हणत होते. प्रत्यक्षात बहुतेक देशांत पाचातल्या एकानेही केली नाही. उपचारच नाही, मग कळून करायचं काय?

पण मूल हवं असेल तर? समजा आजी आजारी आहे, आईने टेस्ट केलेली नाही, आणि पोटातल्या बाळाची टेस्ट पॉझिटिव्ह आली. तर आईचाही निकाल त्याच क्षणी लागला! बाळाबद्दल विचारायला गेलात आणि उत्तर स्वतःबद्दलचं मिळालं.

यावर डॉक्टरांनी वाटा काढल्या. एका टेस्टमध्ये फक्त एवढंच बघतात, की बाळाकडे तो तुकडा आजारी आजीकडून आलाय की निरोगी आजोबांकडून. आजोबांचा असेल तर बाळ सुरक्षित, आणि आईचं काहीच उघड होत नाही. आजीचा असेल तर मात्र बाळाचा धोका आईइतकाच, ५० टक्के, आणि गर्भ ठेवायचा का हा प्रश्न तसाच उभा. दुसरी वाट आयव्हीएफची: लॅबमध्ये गर्भ तपासायचे, निरोगी तेवढेच गर्भाशयात सोडायचे, आणि आईबाबांना आकडे सांगायचेच नाहीत.

मला या इतिहासातली ही सगळ्यात मोठी गोष्ट वाटते. जनुक सापडणं मोठं होतंच. पण ‘माझं काय होणार’ आणि ‘माझ्या मुलाचं काय होणार’ हे दोन प्रश्न वेगळे करता आले, तेव्हा माणसांना निवड मिळाली. जाणून न घेणं म्हणजे पळपुटेपणा नाही, तोही विचार करून घेतलेला निर्णय असू शकतो. म्हणूनच या टेस्टआधी समुपदेशन करतात, आणि मधेच ‘नको’ म्हणायची मुभा असते.

अ‍ॅलिस आणि नॅन्सीला ही निवड मिळाली नव्हती. नॅन्सी वेक्सलर यांनी २०२० मध्ये जाहीर केलं, की त्यांनाही हंटिंग्टन आहे. त्यांनी जमवलेल्या नमुन्यांमुळे पुढच्या पिढीला मात्र विचारता येतं, आणि न विचारताही राहता येतं.

तुम्ही असता तर काय केलं असतं? नक्की कळवा. भेटू पुढच्या भागात!