फिश टँकचा फिल्टर आणि वॉरिंग्टन बापलेक

शांत फिल्टर कोणता घ्यावा? मंडळी, त्याआधी जरा लंडनला जाऊ. साल 1850. रॉबर्ट वॉरिंग्टन या केमिस्टनं टाकीत गोल्डफिश आणि व्हॅलिस्नेरिया ही पाणवनस्पती ठेवल्याचा प्रयोग प्रसिद्ध केला. पानं कुजून पाणी गढुळलं, तेव्हा त्यानं गोगलगायी सोडल्या. त्यांनी कुजका पाला फस्त केला. ना पंप, ना वायर, आवाज शून्य!

खरी गंमत पुढे आहे. त्याचा मुलगा, नाव पुन्हा रॉबर्टच, रॉथमस्टेडच्या शेती संशोधन केंद्रात अमोनियाच्या मागे लागला. अमोनियाचं आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट होतं, ही दोन कामं वेगवेगळे जिवाणू करतात, हे त्यानं दाखवलं. मासे पाण्यात सोडतात तो हाच अमोनिया. नव्या टँकमधले मासे पटापट मरतात, ते बऱ्याचदा यानंच. जिवाणू वाढायलाच काही आठवडे लागतात. म्हणजे फिल्टर हे मुळात त्यांचं घर, मोटर फक्त पाणी फिरवते.

म्हणून बेडरूममधल्या छोट्या टँकला माझं मत स्पंज फिल्टरला. घरघरतो तो एअर पंप, त्याच्याखाली फोमचा तुकडा सरकवा. आणि स्पंज नळाखाली धुऊ नका, क्लोरीननं जिवाणू मरतात. पाणी बदलताना काढलेल्या बादलीतच पिळा.