शेकोटीचें ओझें

उघड्यावर रात्र काढावयाची वेळ आली म्हणजे मनुष्यास भाकरीच्याहि आधीं विस्तवाची आठवण होते. पूर्वींच्या वाटसरूचा याबाबत एक अलिखित नियम असे: धान्य पाठीवर न्यावें, सरपण मात्र मुक्कामावर वेंचावें. हा नियम कोणीं मोठ्या दूरदृष्टीनें घालून दिलेला नव्हता. लांकडाचें ओझें कोसच्या कोस वाहणें परवडत नाहीं, एवढेंच त्याचें कारण. मोटार आली आणि हें कारण नाहींसें झालें. त्यांतून पुढें काय निष्पन्न झालें याचा इतिहास अमेरिकेंत घडला असून, तो जितका मनोरंजक तितकाच खेदजनक आहे.

१९०८ सालीं फोर्डची ‘मॉडेल टी’ गाडी प्रथम बाजारांत आली तेव्हां तिची किंमत ८५० डॉलर होती. १९२५ च्या सुमारास ती तीनशें डॉलरांच्याहि खालीं उतरली. यलोस्टोनच्या राष्ट्रीय उद्यानानें १९१५ मध्यें मोटारींस आपलीं द्वारें खुलीं केलीं. त्याच सुमारास स्वतः हेन्री फोर्ड, एडिसन, टायरचे कारखानदार फायरस्टन आणि निसर्गलेखक जॉन बरोज हे मित्र मोटारींचा ताफा घेऊन रानावनांत मुक्काम करूं लागले. स्वतःस ते ‘भटके’ म्हणवीत. भटके खरे, पण बरोबर स्वयंपाकाची गाडी असे आणि तंबूंत एडिसनच्या विजेच्या बॅटरीवर दिवे लागत! तरीसुद्धां शेकोटीवांचून त्यांची रात्र पुरी होत नसे. १९२१ मध्यें अध्यक्ष हार्डिंग मेरीलँडमधील त्यांच्या तळावर पाहुणे म्हणून आले. वृत्तपत्रांनीं हीं वर्णनें घरोघर पोंचविलीं आणि सामान्य गृहस्थासहि वाटूं लागलें कीं, आपणहि असेंच जावें.

सामान्य गृहस्थ गेला, आणि एकटा गेला नाहीं. हजारों कुटुंबें एकाच झाडीखालीं उतरूं लागलीं, तेव्हां झाडांस त्याचा जाच होऊं लागला. हें प्रथम नीट ओळखलें तें मायनेके या वनस्पतिरोगांच्या अभ्यासकानें. कॅलिफोर्नियांतील रेडवुड वृक्षांचीं मुळें चाकांखालीं चेंगरून माती घट्ट होते व वृक्ष खंगतो, असें त्यानें दाखवून दिलें. १९३२ मध्यें त्यानें सुचविलें कीं, तळांत एकेरी रस्ता असावा, प्रत्येक गाडीस ठरलेली जागा असावी, आणि मेज व चूल एका ठिकाणीं कायम बांधलेली असावी. १९३३ नंतर सरकारी सेवादलांतील बेकार तरुणांनीं अशा दगडी चुली ठिकठिकाणीं उभारल्या. अमेरिकेंतील मोटारतळांची घडी पुष्कळशी या योजनेवरच बसली आहे.

विस्तव असा जागेवर बांधला गेला. सरपण मात्र मोकळेंच राहिलें. जेथें रोज नवे पाहुणे येतात तेथें वाळलेली काटकी किती दिवस पुरणार? मग काटकसरी गृहस्थ आपल्या परसांतील वठलेलें झाड तोडून त्याचे ओंडके गाडींत भरूं लागला. यांत त्याचा दोष तरी कोणता? रानांतील झाडास हात न लावतां घरचें टाकाऊ लांकूड जाळणें हा तर सद्गुणच दिसतो. आणि या कथेंतील खरी शोकांतिका हीच, कीं अनर्थ झाला तो या सद्गुणाच्या पोटीं.

२००२ सालीं मिशिगन राज्यांतील डेट्रॉइट शहराजवळ अ‍ॅश नांवाचे वृक्ष कां मरत आहेत याचा शोध घेतांना एक हिरवा, झळाळणारा, अर्ध्या इंचाच्या आसपास लांबीचा भुंगेरा सांपडला. तो मूळचा पूर्व आशियांतला. मालाच्या पेट्यांच्या लांकडांतून आदल्या दशकांत आला असावा, असा तज्ज्ञांचा तर्क आहे. त्याची अळी सालीखालीं नागमोडी बोगदे कोरते. रसवाहिन्या तुटतात आणि झाड कांहीं वर्षांत उभ्या उभ्या वाळतें. भुंगेरा स्वतःच्या पंखांवर फार दूर जात नाहीं. परंतु तोडलेल्या ओंडक्यांतहि त्याची अळी जिवंत राहते, आणि मोटार एका दिवसांत शेंकडों मैल जाते. मेलेलें झाड सरपणास उत्तम, म्हणून जें लांकूड सर्वांत धोक्याचें तेंच सर्वांच्या आधीं गाडींत चढे!

मिशिगनच्या दोन द्वीपकल्पांना जोडणारा मॅकिनॉ पूल १९५७ मध्यें खुला झाला. या पुलावर आतां गाड्या थांबवून सरपण तपासण्यांत येऊं लागलें. तथापि २००५ सालीं भुंगेरा पुलापलीकडे सांपडलाच, आणि तोहि ब्रिमली येथील सरकारी उद्यानांत, जेथें प्रवासी तळ ठोकतात. न्यूयॉर्क राज्यानें २००८ मध्यें नियम केला कीं, उष्णतेनें शुद्ध न केलेलें सरपण पन्नास मैलांपलीकडे नेऊं नये. तरीहि भुंगेरा राज्यामागून राज्य घेत गेला, आणि शेवटीं जानेवारी २०२१ मध्यें केंद्रसरकारनें या किड्यापुरते आपले निर्बंध उठविले. कीड हटली म्हणून नव्हे, ती आवरणें अशक्य ठरलें म्हणून.

सर्व खापर शेकोटीवर फोडणें अन्यायाचें होईल. रोपवाटिकांतील कलमांतूनहि हा किडा फिरला. परंतु हानि कोणाची झाली तें पाहिलें पाहिजे. सरोवरांच्या प्रदेशांतील अनिशिनाबे लोक काळ्या अ‍ॅशचा ओंडका ठोकून त्याचीं वर्षावर्षाचीं वलयें पट्टीपट्टीनें सुटीं करतात व त्यांच्या टोपल्या विणतात. ही विद्या आजीकडून नातीकडे येते. झाडच नाहींसें झालें तर आजीनें नातीस शिकवावें तरी कशावर? सुटीच्या दोन रात्रींची ऊब आणि पिढ्यांची विद्या यांचा असा संबंध असेल, हें ओंडके भरणाऱ्या त्या गृहस्थाच्या स्वप्नांतहि आलें नसेल.

शेकोटी सोडा, असें सांगण्याचा येथें हेतु नाहीं. अंधारांत जाळाभोंवतीं बसण्याचें सुख मनुष्यानें इतक्या सहजासहजीं टाकूं नये. मात्र पायीं चालणाऱ्या वाटसरूवर जो नियम पाठीच्या अशक्तपणानें लादला होता, तो गाडीवाल्यानें आपल्या समजुतीनें पाळावयास हवा: जेथें मुक्काम, तेथलेंच लांकूड. यंत्र आपलें ओझें हलकें करतें. त्या ओझ्याबरोबर नकळत मिळणारा संयम मात्र पुढें आपला आपणच संभाळावा लागतो.