महापुरात मोबाइल बंद पडला तर? हॅम रेडिओचं आपत्कालीन किट असं तयार करा

ऑगस्ट 2019 मध्ये सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ कृष्णेचं पाणी 57 फुटांवर गेलं होतं. तिथली धोक्याची पातळी 45 फूट आहे. पलूस, वाळवा, मिरज तालुक्यांतल्या कित्येक गावांना पाण्याने वेढा घातला. जुलै 2021 मध्ये सातारा जिल्ह्यातल्या पाटण तालुक्यात आंबेघर, मीरगाव इथे दरडी कोसळल्या.

अशा वेळी वीज गेली की मोबाइल टॉवर आधी बॅटरीवर आणि मग डिझेल असेपर्यंत जनरेटरवर चालतो. तेही संपलं तर गावात किती माणसं अडकली आहेत, होडी कुठे लागेल, इन्सुलिन कुणाला हवं आहे, हे सांगायचं कसं? त्यासाठी टॉवरशिवाय चालणारा एक मार्ग आहे, हॅम रेडिओ.

हॅम रेडिओ कोण वापरू शकतं?

हा हौशी लोकांचा, पण परवान्याने चालणारा बिनतारी संपर्क आहे. 12 वर्षं पूर्ण झालेली व्यक्ती केंद्रीय दूरसंचार विभागाची परीक्षा देऊन परवाना मिळवू शकते. मग तिला स्वतःचा कॉल साइन मिळतो. परवान्याशिवाय असा संच वापरणं गुन्हा आहे, म्हणून आधी परवाना, मग खरेदी.

1993 च्या किल्लारी भूकंपात हॅम मंडळींनी निरोप पोहोचवले होते. 2004 च्या त्सुनामीवेळी भारती प्रसाद यांचा हॅम गट पोर्ट ब्लेअरमध्येच होता. अंदमानातल्या लोकांची खुशाली त्यांच्या रेडिओवरून मुख्य भूमीवर कळली.

एकच किट दोन्ही जिल्ह्यांत चालेल का?

नाही. हातात मावणारा संच साधारणपणे 144 ते 146 मेगाहर्ट्झवर चालतो. या लहरी जवळपास सरळ रेषेत जातात. मिरज-पलूसच्या सपाट भागात उंच गच्चीवर अँटेना लावली तर काम भागतं. दंडोबाच्या डोंगरासारख्या उंच जागेवर एक जण बसला, तर तो दोन गावांमधला निरोप्या होऊ शकतो.

कोयनेच्या खोऱ्यात मात्र डोंगर आडवा येतो. तिथे 7 मेगाहर्ट्झचा बँड हवा. त्यासाठी सुमारे 20 मीटर लांबीची तार मधोमध तोडून दोन्ही बाजूंना ताणायची आणि मध्यावर केबल जोडायची. ती जमिनीपासून तीन-चार मीटरवरच बांधली, तर लहरी वर जाऊन आयनांबरावरून परततात आणि डोंगर ओलांडून आसपासच्या जिल्ह्यांत उतरतात. रात्री हा बँड जवळच्या अंतरासाठी अनेकदा साथ देत नाही. तेव्हा 3.5 मेगाहर्ट्झचा बँड आणि दुप्पट लांबीची तार लागते.

किटमध्ये काय ठेवाल?

- संच: 5 वॅटचा हँडसेट आणि जादा बॅटरी. डोंगरी भागासाठी 7 मेगाहर्ट्झवर चालणारा छोटा संचही.
- अँटेना: संचासोबत येणारी रबरी अँटेना कमी पडते. 145 मेगाहर्ट्झसाठी सुमारे 49 सेंटिमीटरच्या उभ्या तारेची बाहेरची अँटेना घरीही बनवता येते.
- जोडणी: 10 मीटर केबल, लागतील ते कनेक्टर, नायलॉनची दोरी.
- वीज: 12 व्होल्टची लिथियम फॉस्फेट बॅटरी, फ्यूज, चार्जर आणि गाडीच्या बॅटरीला लावायचे चिमटे. ट्रॅक्टरची बॅटरीही बहुधा 12 व्होल्टचीच असते. पावसाळी ढगांत सोलर पॅनेलवर विसंबू नका.
- कागद: परवान्याची प्रत, फ्रिक्वेन्सींची छापील यादी, तालुक्याचा नकाशा, वही. पेनची शाई भिजते, म्हणून पेन्सिल.
- बाकी: इअरफोन, डोक्याला लावायची बॅटरी, चिकटपट्टी.

हे सगळं घट्ट झाकणाच्या प्लास्टिकच्या डब्यात भरा आणि डबा माळ्यावर ठेवा.

बॅटरी किती पुरेल?

समजा, 50 वॅटचा संच आणि 20 अँपिअर-अवरची बॅटरी आहे. ऐकताना संच सुमारे अर्धा अँपिअर घेतो, बोलताना सुमारे 10. तासात 54 मिनिटं ऐकलं आणि 6 मिनिटं बोललं, तर जवळपास दीड अँपिअर-अवर खर्च होतात. बॅटरीची 80 टक्के क्षमता धरली, तर साधारण 11 तास मिळतात. शक्ती 10 वॅटवर आणली की बोलताना तीन-चार अँपिअरच लागतात आणि तीच बॅटरी 20 तासांच्या आसपास चालते. म्हणून कमीत कमी शक्तीवर, थोडक्यात बोलणं हा पहिला नियम.

निरोप कुणाला द्यायचा?

नेहमीचे संपर्क बंद पडले, तर पूर, भूकंप अशा आपत्तीत जिल्हाधिकाऱ्यांसारख्या सक्षम अधिकाऱ्यांचे निरोप पोहोचवण्याची मुभा हॅमना नियमांत आहे. त्यामुळे जिल्हा आपत्ती व्यवस्थापन कक्षाशी ओळख पावसाळ्याआधीच करून ठेवा. निरोपात वेळ, ठिकाण, माणसांची संख्या आणि नेमकी गरज हवी. ऐकणाऱ्याने तो लिहून परत वाचून दाखवायचा. आकडा चुकला, तर होडी चुकीच्या वस्तीवर जाते.

सराव कधी?

मे महिन्यात एकदा घरची वीज बंद करून बॅटरीवर संपर्क साधा. अँटेना अंधारात, रेनकोट घालून उभारून बघा. विजेच्या तारांपासून लांब राहा आणि कडकडाट सुरू झाला की अँटेनाची केबल काढून ठेवा. लिथियम बॅटरी दर तीन महिन्यांनी तपासा. मुख्य म्हणजे गावात किमान दोन परवानाधारक असू द्या. एकाला झोप लागली, तरी दुसरा ऐकत राहील.