शेळ्यांमागचा लुका

क्रोएशियात वेलेबिट नावाची डोंगररांग आहे. तिच्या पायथ्याशी लुका मोद्रिच हा पोर आजोबांच्या शेळ्यांमागं हिंडायचा. नावही आजोबांचंच ठेवलेलं. आपल्याकडं हीच रीत, नाही का?

१९९१ साली युगोस्लाव्हिया फुटला, युद्ध पेटलं. डिसेंबरात बंडखोर सर्बांनी आजोबांना गोळ्या घातल्या, घर जाळलं. लुका तेव्हा सहा वर्षांचा. निर्वासित होऊन कुटुंब झादर शहरी आलं आणि हॉटेलांच्या खोल्यांतून कित्येक वर्षं राहिलं. शहरावर तोफगोळे पडत. धोक्याचा भोंगा वाजला की आसरा गाठायचा. तो थांबला की हॉटेलच्या आवारात पुन्हा चेंडू!

पुढं स्प्लिटच्या हैदुक क्लबनं ‘अंगानं किरकोळ’ म्हणून त्याला परत धाडलं. (चेंडू काय वजन विचारून पायाशी येतो?) झाग्रेबच्या दिनामोनं त्याला घेतलं, पण २००३ साली खेळायला पाठवलं शेजारच्या बोस्नियात. तिथला खेळ आडदांड. तरी त्या हंगामात तिथला सर्वोत्तम खेळाडू लुकाच ठरला. मग २००८ साली लंडनचा टॉटनहॅम, २०१२ साली रेआल माद्रिद.

२०१८ च्या विश्वचषकात सुमारे ४० लाख वस्तीचा क्रोएशिया अंतिम सामन्यापर्यंत पोचला. त्याआधीचे लागोपाठ तीन सामने जादा वेळेत गेले होते. अंतिम सामना फ्रान्सनं ४–२ असा जिंकला. स्पर्धेतला सर्वोत्तम खेळाडू मात्र क्रोएशियाचा कप्तान ठरला. वय ३२, अंगानं अजून किरकोळच.