प्लेगची प्रयोगशाळा आणि लसीकरणाचे कार्यक्षेत्र : व्हिएन्ना (१८९८) व मलकवाल (१९०२) येथील दुर्घटनांचा ऐतिहासिक अभ्यास

प्रस्तावना

मुंबईतील प्लेगचा इतिहास मराठी वाचकाला मुख्यत्वे राजकीय अंगाने परिचित आहे. सक्तीच्या झडत्या, विलगीकरण छावण्या, पुण्यातील रँडचा कारभार आणि २२ जून १८९७ रोजी चापेकर बंधूंनी केलेला त्याचा वध या घटनांभोवती विपुल लेखन झालेले आहे. त्या मानाने याच साथीने वैज्ञानिकांना, त्यांच्या मदतनिसांना आणि गावोगावी लस टोचणाऱ्या पथकांना कोणत्या धोक्यांत लोटले, हा विषय उपेक्षित राहिला. रोगाशी लढणाऱ्यांच्या हातूनच, त्यांच्या कामाच्या जागी, रोग किंवा मृत्यू ओढवला अशा दोन घटना मुंबईच्या साथीशी थेट जोडलेल्या आहेत. एक घडली युरोपातील प्रयोगशाळेत आणि दुसरी पंजाबातील एका खेड्यात. प्रयोगशाळा व कार्यक्षेत्र येथील सुरक्षिततेच्या नियमांचा इतिहास पाहताना या दोन घटना एकत्र ठेवून अभ्यासणे उद्बोधक ठरते.

मुंबईहून व्हिएन्नाकडे

सप्टेंबर १८९६ मध्ये मांडवी भागातील रुग्णांना झालेला ताप हा ग्रंथिक सन्निपात, म्हणजेच प्लेग आहे, असे निदान मूळचे गोव्याचे असलेले डॉ. अकासिओ गॅब्रिएल व्हिएगस यांनी केले. साथ पसरू लागताच निरनिराळ्या देशांची अभ्यासपथके मुंबईत दाखल झाली. व्हिएन्नाच्या विज्ञान अकादमीने १८९७ च्या प्रारंभी पाठविलेल्या पथकात हेर्मान म्युलर, हाइनरिख आल्ब्रेख्त, अँटोन गोन आणि रुडॉल्फ प्योख यांचा समावेश होता. या मंडळींनी मुंबईत रुग्ण तपासले, शवविच्छेदने केली आणि परतताना जिवाणूंची संवर्धने सोबत नेली. साथीच्या शहरात अनेक महिने राहूनही हे वैज्ञानिक सुखरूप परतले, ही बाब लक्षात ठेवण्याजोगी आहे. संकट आले ते नंतर, आपल्याच शहरात, आपल्याच प्रयोगशाळेत.

ऑक्टोबर १८९८ मध्ये प्रयोगासाठी ठेवलेल्या प्राण्यांची निगा राखणारा सेवक फ्रान्झ बारिश आजारी पडला. त्याला झालेला विकार फुप्फुसाचा प्लेग होता. १८ ऑक्टोबर रोजी तो मरण पावला. त्याच्यावर उपचार करणारे डॉ. म्युलर यांना त्याच्यापासून संसर्ग झाला. आपले दुखणे काय आहे हे म्युलर यांना पुरते ठाऊक होते; त्यांनी स्वतःला कोंडून घेतले, बंद खिडकीच्या काचेआडून सहकाऱ्यांना आपल्या प्रकृतीची माहिती दिली, असे वर्णन आढळते. २३ ऑक्टोबर रोजी त्यांचाही अंत झाला. बारिशची शुश्रूषा करणारी परिचारिका आल्बिने पेखा हीदेखील काही दिवसांतच दगावली. विलगीकरण कडक असल्याने साथ शहरात पसरली नाही. परंतु व्हिएन्नातील वृत्तपत्रांनी आणि नागरिकांनी असे जिवाणू वस्तीच्या मध्यभागी ठेवावेतच का, असा प्रश्न उपस्थित केला.

या दुर्घटनेचे जे स्पष्टीकरण तत्काळ प्रचलित झाले ते असे, की बारिश मद्यपी व निष्काळजी होता आणि त्याने घालून दिलेले नियम पाळले नाहीत. हे खरे असू शकते. तथापि, प्राणघातक जिवाणूंनी बाधित केलेल्या प्राण्यांचे पिंजरे ज्याच्या स्वाधीन केले तो मनुष्य मद्यपी आहे हे त्याच्या मृत्यूनंतरच कसे ध्यानात आले, हा प्रश्न त्या स्पष्टीकरणात अनुत्तरित राहतो. प्रयोगशाळेतील सर्वाधिक जोखमीचे काम सर्वांत कमी वेतनाच्या आणि सर्वांत कमी प्रशिक्षणाच्या माणसाकडे असणे ही व्यवस्था व्हिएन्नापुरती मर्यादित नव्हती. पुढे १९०४ मध्ये रशियातील क्रोनस्टाट येथील अलेक्झांडर किल्ल्यात, म्हणजे शहरापासून मुद्दाम तोडलेल्या सागरी दुर्गातील प्लेग प्रयोगशाळेत, डॉ. तुर्चिनोविच-विझ्निकेविच आणि १९०७ मध्ये डॉ. श्रायबर हे संसर्गाने मरण पावले. तेथे दोष देण्यास मद्यपी सेवक नव्हता. समुद्राच्या पाण्याने शहराचे रक्षण केले, प्रयोग करणाऱ्याचे नाही.

परळची प्रयोगशाळा

वाल्देमार हाफकिन (१८६०-१९३०) हे ऑक्टोबर १८९६ मध्ये मुंबईत आले. भायखळ्याच्या ग्रँट मेडिकल कॉलेजातील अपुऱ्या जागेत, मोजक्या मदतनिसांसह त्यांनी लसीचे काम आरंभिले आणि १० जानेवारी १८९७ रोजी ती प्रथम स्वतःस टोचून घेतली. त्याच महिन्याच्या अखेरीस भायखळा तुरुंगातील स्वेच्छेने पुढे आलेल्या कैद्यांवर चाचणी झाली. मागणी वाढत गेली तशी प्रयोगशाळेची जागा बदलत गेली. अखेर १० ऑगस्ट १८९९ रोजी परळ येथील जुन्या गव्हर्नमेंट हाऊसमध्ये प्लेग संशोधन प्रयोगशाळेचे उद्घाटन झाले.

हाफकिन यांची मूळ उत्पादनपद्धती सुरक्षिततेच्या दृष्टीने बारकाईने पाहण्यासारखी आहे. गोमांस व डुकराचे मांस दोन्ही वर्ज्य मानणाऱ्या समाजांचा विचार करून त्यांनी शेळीच्या मांसापासून पोषक रस्सा तयार केला. त्याच्या पृष्ठभागावर तुपाचे थेंब सोडले जात. चंबू न हलविता ठेवला असता प्लेगचे जिवाणू त्या थेंबांच्या खालच्या बाजूने, गुहेच्या छतावरून लोंबणाऱ्या चुनखडीच्या सुळक्यांप्रमाणे वाढत. ही वाढ डोळ्यांना दिसे. चंबूत दुसराच जीव शिरला असेल तर वाढीचे स्वरूप बिघडे. म्हणजे हे तूप केवळ अन्न नव्हते, ते शुद्धतेची खूणही होते. त्यानंतर उष्णतेने जिवाणू मारून त्यात ०.५ टक्का कार्बोलिक आम्ल मिसळले जाई.

१९०२ मध्ये पंजाब सरकारने मोठ्या प्रमाणावर लसीकरणाची मोहीम हाती घेतली. परळकडे मागणी इतकी आली, की रश्श्याची मंद पद्धती अपुरी पडू लागली. हाफकिन यांनी अगारच्या पृष्ठभागावर जिवाणू वाढवून ते पाण्यात उतरविण्याची जलद पद्धती स्वीकारली आणि कार्बोलिक आम्ल वगळले. पॅरिसच्या पाश्चर संस्थेतील पद्धतीचा आधार त्यास होता. शास्त्रीय दृष्ट्या हा निर्णय असमर्थनीय नव्हता. परंतु १८९८-९९ च्या भारतीय प्लेग आयोगाने त्यांच्या लसीच्या प्रमाणीकरणावर आधीच टीका केलेली होती. अशा परिस्थितीत वरिष्ठांची रीतसर संमती न घेता, मोहीम ऐन भरात असताना, प्रस्थापित प्रक्रियेतील एक पायरी गाळणे हे हाफकिन यांना पुढे महागात पडले. उत्पादनाचा दबाव आणि सुरक्षिततेची पायरी यांच्या संघर्षात बहुधा पायरीच प्रथम जाते, आणि ती गेल्यावर काही दिवस काहीही बिघडत नाही.

मलकवाल, ३० ऑक्टोबर १९०२

पंजाबच्या गुजरात जिल्ह्यातील (आज पाकिस्तानात असलेल्या) मलकवाल या गावी त्या दिवशी १०७ जणांना लस टोचण्यात आली. एका आठवड्याने काहींच्या जबड्यात ताठरपणा आला. तो धनुर्वात होता. एकूण १९ जणांना तो झाला आणि १९ ही जण मरण पावले. चौकशीत असे आढळले, की या सर्वांना एकाच बाटलीतील, क्रमांक ५३-एन या बाटलीतील, लस दिली गेली होती. उर्वरित ८८ जणांना अन्य बाटल्यांतून लस मिळाली होती आणि त्यांना काहीही झाले नाही.

हे आपल्याला सांगता येते याचे कारण कोणीतरी बाटल्यांना क्रमांक दिले होते आणि गावातील पथकाने कोणास कोणत्या बाटलीतून टोचले याची नोंद ठेवली होती. या प्रकरणाच्या बहुतेक वर्णनांत ही गोष्ट ओझरती येते. वास्तविक ती मध्यवर्ती मानावयास हवी. ही नोंद नसती तर १०७ पैकी १९ मृत्यू हा संपूर्ण लसीचाच दोष ठरला असता. कंटाळवाण्या नोंदवहीने लस वाचविली, असे म्हणण्यास प्रत्यवाय नाही.

सदर बाटली ४१ दिवसांपूर्वी परळ येथे भरलेली होती. ती उघडताना काय घडले याविषयी साक्षी झाल्या. नरिंदर सिंग या मदतनिसाच्या हातून चिमटा जमिनीवर पडला. त्याने तो उचलून कार्बोलिकच्या द्रावणात हलवून घेतला आणि त्याच चिमट्याने ५३-एन बाटलीचे बूच काढले. धनुर्वाताच्या जिवाणूचे बीजाणू मातीत, विशेषतः शेणखताने माखलेल्या जमिनीत, मोठ्या संख्येने असतात. ते उष्णतेला दाद देत नाहीत आणि जंतुनाशकात क्षणभर बुडविल्याने मरत नाहीत. म्हणजे मदतनिसाने जे केले ते नियमांच्या अक्षराला सोडून नव्हते. त्याला शिकविलेले शुद्धीकरण या विशिष्ट शत्रूविरुद्ध निरुपयोगी होते. खेड्यातील अंगणात, गुराढोरांच्या वावराच्या जागी, जमिनीवर पडलेले हत्यार बाजूला टाकून दुसरे घेण्याइतकी साधने पथकाजवळ असणे अगत्याचे होते.

हीच बाब कार्बोलिक आम्लाच्या वादालाही लागू पडते. ०.५ टक्का कार्बोलिकने धनुर्वाताचे बीजाणू नष्ट झाले नसते. लस तापविण्याची क्रियाही त्यांच्या बाबतीत कुचकामाची होती. त्यामुळे वगळलेल्या आम्लाकडे बोट दाखविणे सोपे असले, तरी ते घातले असते तर १९ जीव वाचलेच असते असे ठामपणे म्हणता येत नाही.

चौकशी आणि दोषाचा प्रवास

सरकारने मुंबई उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायाधीश सर लॉरेन्स जेंकिन्स यांच्या अध्यक्षतेखाली आयोग नेमला. बॉमफोर्ड व सेंपल हे वैद्यकीय अधिकारी त्याचे सदस्य होते. बाटली उघडण्यापूर्वीच, म्हणजे परळ येथे, दूषित झाली होती, असा निष्कर्ष आयोगाने काढला आणि कार्बोलिक वगळण्यावर ठपका ठेवला. हाफकिन यांना संचालकपदावरून दूर व्हावे लागले व ते इंग्लंडला परतले. लंडनच्या लिस्टर संस्थेकडे प्रकरण सोपविले असता, दूषितता नेमकी कोणत्या टप्प्यावर शिरली हे सांगता येत नाही, असे मत पुढे आले. कागदपत्रे प्रसिद्ध झाल्यानंतर जुलै १९०७ मध्ये रोनाल्ड रॉस आणि अन्य नामवंत वैज्ञानिकांनी लंडनच्या 'टाइम्स'मध्ये पत्र लिहून परळवरील आरोप पुराव्याने खोडला जातो, असे प्रतिपादन केले. जमिनीवर पडलेला चिमटा हा त्यांच्या युक्तिवादाचा कणा होता. हाफकिन ज्यू असल्यामुळे या प्रकरणाची तुलना फ्रान्समधील ड्रेफस प्रकरणाशी केली गेली, आणि ती अगदीच अनाठायी नव्हती.

येथे एक गोष्ट नजरेआड होऊ नये. दोष प्रथम परळच्या प्रमुखावर आला. पाच वर्षांनी तो तेथून निघून पंजाबातील एका देशी मदतनिसाच्या हातावर जाऊन स्थिरावला. आजही लोकप्रिय चरित्रांत 'मदतनिसाच्या चुकीमुळे' असेच वाक्य आढळते. व्हिएन्नात बारिश आणि मलकवालमध्ये नरिंदर सिंग. हाफकिन यांना झालेला अन्याय दूर होणे आवश्यकच होते, परंतु त्यासाठी वापरलेला मार्ग ऐतिहासिक दृष्ट्या समाधानकारक नाही. 'कोणाचा हात?' या प्रश्नाने आयोग आणि आयोगाचे टीकाकार दोघेही बांधलेले होते. प्रत्येक बाटलीची पाठवणीपूर्व चाचणी का नव्हती, एका बाटलीतून किती जणांना टोचावे, कार्यक्षेत्रात हत्यारे उकळण्याची सोय कोणी पुरवावयाची, हे प्रश्न या वादात दुय्यम राहिले. मोठी, अनेकांना पुरणारी बाटली स्वस्त व सोयीची होती. त्याच सोयीमुळे एक दूषित बूच १९ घरांत मृत्यू घेऊन गेले.

या विलंबाची किंमत पंजाबने मोजली. १९०२-०३ च्या हंगामात तेथे सुमारे पाच लाख लोकांनी लस घेतली होती. मलकवालनंतर लोकांचा विश्वास ढासळला आणि मोहीम बारगळली. वाद लंडनमध्ये चालू असताना प्लेग थांबला नव्हता. १९०७ या एका वर्षात पंजाबमध्ये सुमारे सहा लाख लोक प्लेगने मरण पावले. लस घेतल्याने यांपैकी सर्वच वाचले असते असे नव्हे, कारण लसीचे संरक्षण अपूर्ण व अल्पकालीन होते. तरीही ज्या खेडुतांनी गोऱ्या साहेबाच्या सुईपुढे दंड पुढे केला होता, त्यांच्यासमोर सरकारने पाच वर्षे कोणतेही स्पष्ट उत्तर ठेवले नाही.

नंतरचा काळ

हाफकिन यांना नोव्हेंबर १९०७ मध्ये दोषमुक्त करण्यात आले आणि कलकत्त्याच्या जैविक प्रयोगशाळेत नेमणूक मिळाली, मात्र प्लेगच्या लसीवर काम करण्याची मुभा मिळाली नाही. ते १९१४ मध्ये निवृत्त झाले. परळ येथे कर्नल बॅनरमन यांच्या कारकिर्दीत लसीचे उत्पादन चालू राहिले. रश्श्याची मूळ पद्धती आणि ०.५ टक्का कार्बोलिक ही दोन्ही पुन्हा रूढ झाली. तेथेच ग्लेन लिस्टन व त्यांच्या सहकाऱ्यांनी उंदरांवरील पिसवांमार्फत प्लेग पसरतो हे सिद्ध करणारे काम केले. १९०६ मध्ये प्रयोगशाळेचे नाव बदलून मुंबई जिवाणुशास्त्रीय प्रयोगशाळा असे झाले आणि १९२५ मध्ये, हाफकिन हयात असतानाच, तिला त्यांचे नाव देण्यात आले.